गोरेपणाचा दावा

अमेरिकेतील वर्णद्वेषाची एखादी वार्ता आली की आमच्या सुशिक्षित मंडळींच्या अंगाचा तिळपापड होतो. देवळाच्या अग्रशाळेत उत्सवानिमित्त जमलेले गृहस्थ तावातावाने बोलू लागतात आणि समतेच्या घोषणा करणाऱ्या त्या राष्ट्राच्या ढोंगाचा यथेच्छ समाचार घेतात. हा संताप अस्थानी आहे असे आम्ही म्हणत नाही. परंतु न्याय मागावयास येणाऱ्याने स्वच्छ हातांनी यावे, असा न्यायशास्त्राचा एक जुना दंडक आहे. तो लावून पाहिला, तर अमेरिकेतीलच एका खटल्यात आमचे हात कसे दिसतात, हे वाचकांपुढे मांडणे आम्हांस अगत्याचे वाटते.

१७९० च्या अमेरिकन कायद्याने परदेशीयांपैकी केवळ ‘स्वतंत्र गोऱ्या’ माणसांस नागरिकत्व देऊ केले. यादवी युद्धानंतर, १८७० मध्ये, आफ्रिकन वंशाच्या लोकांसही ते खुले झाले. मधले सारे आशियाई बाहेरच राहिले. ताकाओ ओझावा या जपानी गृहस्थाने अर्ज केला, तेव्हा नोव्हेंबर १९२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की गोरा म्हणजे कॉकेशियन वंशाचा. सबब जपानी मनुष्य गोरा नव्हे. पुढे अवघ्या तीन महिन्यांनी, १९ फेब्रुवारी १९२३ रोजी, भगतसिंग थिंड यांचा निकाल लागला. थिंड हे पंजाबी शीख असून पहिल्या महायुद्धात अमेरिकन सैन्यात राहिलेले. मानववंशशास्त्रज्ञ आम्हांस कॉकेशियन म्हणतात, तेव्हा आम्ही गोरेच, असा त्यांचा दावा. आता तेच न्यायालय म्हणाले, शास्त्र काहीही म्हणो, सामान्य माणूस ज्यास गोरा समजतो तोच गोरा! दोन्ही निकालपत्रे लिहिणारे न्यायमूर्ती सदरलँड हे स्वतः इंग्लंडात जन्मून अमेरिकेत आलेले. आज कसोटी शास्त्राची, उद्या बाजारातल्या माणसाची, आणि प्रत्येक वेळी दार मात्र बंद! याला न्याय म्हणावे, तर अन्यायाला नवा शब्द शोधावा लागेल.

त्या निकालाचे परिणाम भयंकर झाले. पूर्वी दिलेली नागरिकत्वेही रद्द करण्याचे दावे सरकारने लावले. वैष्णोदास बगाई या व्यापाऱ्याचे नागरिकत्व गेले आणि १९२८ मध्ये त्यांनी आत्महत्या केली. स्त्रियांची गत तर याहून विपरीत. १९२२ च्या केबल कायद्यान्वये, नागरिकत्वास अपात्र अशा पुरुषाशी विवाह करणारी अमेरिकन स्त्री आपलेच नागरिकत्व गमावून बसे. क्रांतिकारक तारकनाथ दास यांची पत्नी मेरी जन्माने अमेरिकन; पण पती हिंदी, म्हणून तीही परकी ठरली. पुरुषाने कोणाशीही विवाह करावा, त्याचे नागरिकत्व अबाधित! ही तरतूद १९३१ मध्ये गेली. हिंदी लोकांस १९४६ मध्ये दार उघडले. आणि वर्णाची अट समूळ उठली ती १९५२ मध्ये.

येथवर आमचे वाचक आमच्याशी सहमत असतील. आता कटू भाग. थिंड यांच्या वतीने न्यायालयापुढे काय मांडले गेले? ते ‘उच्चवर्णीय हिंदू’ आहेत, शुद्ध आर्यरक्ताचे आहेत, हे तर मांडलेच. परंतु अमेरिकन गोरा मनुष्य विवाहसंबंधाच्या बाबतीत निग्रोकडे ज्या दृष्टीने पाहतो, त्याच दृष्टीने उच्चवर्णीय हिंदू हा हिंदुस्थानातील आदिवासी मनुष्याकडे पाहतो, असेही मांडले गेले. म्हणजे आम्हीही तुमच्यासारखेच तिरस्कार करणारे, सबब आम्हांस तुमच्यात घ्या!

कोणी म्हणतील, कायद्यात शब्दच ‘गोरा’ होता, मग वकिलाने दुसरे काय करावे? आम्ही स्वतः वकिली केली आहे. कायद्याच्या चौकटीतच अशिलाची बाजू मांडावी लागते, हे आम्ही जाणतो. तथापि कायद्याच्या शब्दाने वंशाचा पुरावा मागितला होता, तिरस्काराचा नव्हे. तो आम्ही आपण होऊन दिला, आणि व्यर्थ दिला.

याउलट, सखाराम गणेश पंडित या कॅलिफोर्नियातील हिंदी वकिलाचे उदाहरण पाहा. त्यांचे १९१४ चे नागरिकत्व काढून घेण्यास सरकार आले, तेव्हा न्यायालयाने एकदा दिलेला आणि मुदतीत आव्हान न दिलेला निर्णय मागाहून उलटविता येत नाही, हा मुद्दा १९२६ मध्ये अपील न्यायालयाने मान्य केला. रक्ताचा दावा हरला. न्यायाचा दावा जिंकला. वाचकांनी यापासून घ्यावयाचा तो बोध घ्यावा.

जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतील गुलामांना मुक्त करणाऱ्या सत्पुरुषांस अर्पण केला. ज्या देशाकडे एका महाराष्ट्रीयाने मुक्तीचे उदाहरण म्हणून पाहिले, त्याच देशात पन्नास वर्षांनी आमचे लोक जातीचा दाखला घेऊन उभे राहिले. आणि २०२३ मध्ये सिअॅटल नगरपालिकेस जातिभेदाविरुद्ध निराळा नियम करावा लागला, तेव्हा आमच्यापैकी कित्येकांस राग आला तो भेदाचा नव्हे, नियमाचा!

दूर कशाला जावे? गोव्यातील देवस्थानांचे महाजनपद जन्माने, आणि अनेक ठिकाणी केवळ पुरुषपरंपरेने चालत आले आहे. पोर्तुगीज अमदानीतील नियमांनी ते बांधून दिले, ही सबब आता पुरे. घरची लेक देवाची पालखी सजविते, नैवेद्य रांधते. पण महाजनांच्या यादीत तिचे नाव शोधू गेल्यास सापडत नाही. केबल कायदा अमेरिकेने नऊ वर्षांत दुरुस्त केला. आमची यादी किती वर्षांनी दुरुस्त होणार?

मानपान आणि नागरिकत्व यांत अंतर आहे, हे आम्हांस मान्य आहे. परंतु जन्म हाच पुरावा मानणारी बुद्धी दोन्हीकडे एकच. म्हणून आमची सूचना अशी: ज्यांना अमेरिकेचा संताप येतो, त्यांनी आपल्या देवस्थानाच्या येत्या वार्षिक सभेत मुलींची नावे यादीत घेण्याचा ठराव मांडावा, आणि देवाच्या दारात कोणाची जात विचारली जाणार नाही असे त्यातच लिहावे. ठराव फेटाळला गेला तरी चालेल. कोणी फेटाळला हे तरी इतिवृत्तात नोंदले जाईल. त्यानंतर अमेरिकेवर टीका करावयास आम्ही त्यांच्या शेजारी बसू.