घर सांभाळणारीचं मन कोण सांभाळणार?

"ताई, सकाळी डोळे उघडले की वाटतं, आजचा दिवस कशाला उजाडला?"

माझी धाकटी जाऊ मेथी निवडता निवडता हे म्हणाली, तेव्हा मी काय केलं ठाऊक आहे? "अगं, सगळ्यांनाच असं वाटतं कधीतरी. भजनी मंडळात येत जा, मन रमेल," असं सांगून मोकळी झाले. वर आणखी एक जुडी तिच्यापुढे सरकवली!

मैत्रिणींनो, मी बचत गटाच्या बायकांमध्ये वावरते. कुणाचा नवरा पितो, कुणाला सासरी बोलणी खावी लागतात, सगळ्यांचं ऐकून घेते. 'तुमच्याशी बोललं की हलकं वाटतं' असं बायका म्हणतात तेव्हा मनातून सुखावतेही. पण घरातलीच बाई बोलायला लागली, तेव्हा माझे कान बंद होते. आज हे लिहितेय ते म्हणूनच.

पुढे तिचं डोकं दुखायला लागलं, मग पाठ, मग जेवण जाईना. रक्त तपासलं, सोनोग्राफी झाली. "रिपोर्ट नॉर्मल आहेत ना, मग झालं तर!" असं आम्ही सगळेच म्हणालो. दिवाळीला तिनं भाजणी दळून आणली, पण चकली काही झाली नाही. पीठ डब्यात तसंच राहिलं. सासूबाई म्हणाल्या, "कामचुकारपणा, दुसरं काय!" दीर म्हणाले, "तिला कमी काय आहे?" शेवटी नववीतल्या पुतणीचा फोन आला, "काकू, आई रात्री ओट्यापाशी उभी राहून रडते. मला भीती वाटते."

दुसऱ्या दिवशी आम्ही जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराच्या ओपीडीत गेलो. डॉक्टरांनी तिला झोप, भूक विचारली, किती दिवस असं वाटतंय ते विचारलं. मग शांतपणे विचारलं, "जगणं नकोसं वाटतं का?" मी दचकले. असं विचारल्यानं नसलेलं खूळ डोक्यात शिरेल की काय! डॉक्टर म्हणाले, उलट असतं. विचारल्यानं माणूस मोकळं होतं. आणि खरंच, जाऊ ओक्साबोक्शी रडली. इतक्या महिन्यांत तिला हे कुणी विचारलंच नव्हतं.

आता कुणी म्हणेल, 'आमच्या आयांनी दहा माणसांचं केलं, त्यांना कुठे डिप्रेशन आलं?' आलं असेलही, पण त्याला नाव नव्हतं. 'अंगात आलं', 'हवा लागली', 'डोक्यावर परिणाम झाला' अशी नावं होती. आणि हेही खरं, की रोजचा थकवा म्हणजे आजार नव्हे. एक दिवस माहेरी जाऊन आलं, पोटभर झोपलं की थकवा उतरतो. पण सलग दोन आठवडे रोज उदास वाटत असेल, आवडीच्या गोष्टीतही मन लागत नसेल, झोप-भूक बिघडली असेल, 'मी काही कामाची नाही' असं वाटत असेल, तर ती नाटकं नव्हेत. तिथे भजनी मंडळ पुरत नाही, डॉक्टर लागतो.

गोळ्या सुरू झाल्यावर पहिले पंधरा दिवस काहीच फरक दिसेना. "बघा, उगाच पैसे घातले," असं लगेच सुरू झालं. या औषधांचा गुण यायला काही आठवडे लागतात, आणि बरं वाटलं म्हणून ती आपल्या मनानं बंद करायची नसतात, हे डॉक्टरांनी दिरांना समोर बसवून सांगितलं. ते फार बरं झालं.

पण माझं खरं म्हणणं याच्या पुढचं आहे. गोळी बाईनं घ्यायची आणि घर मात्र होतं तसंच चालायचं, असं कसं चालेल? २०२४ च्या सरकारी वेळवापर पाहणीत दिसलं, की घरकाम करणाऱ्या बायकांचे दिवसाचे सरासरी २८९ मिनिटं त्यात जातात, आणि घरकाम करणाऱ्या पुरुषांची ८८. आता सगळ्यांचे मूड सांभाळणं, नवऱ्याचा राग गिळणं, मुलांच्या परीक्षेची धास्ती घेणं, हे कुठल्या मिनिटांत मोजायचं? घरात शांतता हवी सगळ्यांना, पण ती राखायची एकटीनं! आपणही 'समजूतदार सून' या शाबासकीपायी गप्प राहतो, आणि लेकींनाही तेच शिकवतो.

जाऊबाईंच्या घरी आता सकाळचा डबा दीर भरतात. पहिल्या दिवशी पोळ्यांचे नकाशे झाले, मुलांनी हसत हसत खाल्ले. सासूबाई भाजी चिरून देतात. रविवारी दुपारी दोन तास ती कुणाचीच नसते. ती पूर्ण बरी झाली असं म्हणणार नाही. एखादा दिवस अजून जड जातो. पण तो जड आहे हे आता ती सांगते आणि घर ऐकतं.

लाज कशाची बाळगायची? मानसिक आरोग्य कायदा २०१७ चा आहे. त्यानं सरकारी दवाखान्यात मनाच्या आजारावर उपचार मिळणं हा हक्क मानला आहे. विमा कंपन्यांनीही तो शरीराच्या आजारासारखाच धरायचा आहे. दवाखान्यात जायचा धीर होत नसेल तर १४४१६ हा 'टेलिमानस'चा मोफत नंबर आहे, दिवसरात्र, मराठीतूनही बोलता येतं. फ्रिजवर दूधवाल्याचा नंबर लावतो ना, त्याशेजारी हाही लावा.

आणि तुमच्या घरातलं कुणी, सून असो, सासू असो की मुलगा, 'आजचा दिवस कशाला उजाडला' असं म्हणालं, तर हातातली मेथी खाली ठेवा. सल्ला नंतर द्या. आधी एवढंच विचारा, "किती दिवसांपासून वाटतंय गं असं?"

मी विचारलं असतं, तर एका लेकराच्या कितीतरी घाबरलेल्या रात्री वाचल्या असत्या.