युद्ध संपले, पण दार उघडेना



या सदरातून आपण दर खेपेस कुठल्या ना कुठल्या गावी जाऊन येतो. तिकीट लागत नाही आणि गोठ्यातली धारही चुकत नाही. आज जरा लांब जाऊ. गावाचे नाव बालेर. देश फिलिपिन्स.

नाव परके वाटले तरी या देशाशी आपली ओळख जुनी आहे. १९६६ साली निघालेले 'आय. आर. ८' हे ठेंगणे भात तुमच्या वडिलांनी लावले असेल. ते तिथल्याच लॉस बान्योस गावच्या भात संशोधन संस्थेतले. म्हणजे त्यांचे बियाणे आपल्या खाचरात येऊन गेले. आपण मात्र त्यांच्या दारी गेलो नव्हतो.

राजधानी मनिलाहून बालेरला मोटारीने पाच-सहा तास लागतात. आधी नुएवा एसिहा प्रांताची भातशेती लागते. नजर पोचेल तिथवर खाचरे, चिखलात रेडे. मग घाट सुरू होतो. त्या डोंगररांगेचे नाव सिएरा माद्रे. आपला सह्याद्री पश्चिम किनाऱ्याला धरून उभा आहे, तशी ही रांग पूर्व किनाऱ्याला धरून आहे. घाट उतरला की माडांच्या बागा आणि समोर पॅसिफिक महासागर. वाळवलेल्या खोबऱ्याला तिकडे 'कोप्रा' म्हणतात. हा शब्द आपल्याच खोबऱ्याचा भाऊ आहे बरे का!

गावाजवळ साबांग नावाची चौपाटी आहे. तिथे पोरे लांब फळी घेऊन पाण्यात शिरतात, मोठी लाट आली की फळीवर उभी राहतात आणि लाटेबरोबर किनाऱ्याला येतात. या खेळाला सर्फिंग म्हणतात. ऑक्टोबरपासून ईशान्येचा वारा सुटतो, तेव्हा लाटा चांगल्या उठतात आणि लांबलांबचे लोक खेळायला येतात. हा खेळ गावात आला कसा, त्याचीही गंमत आहे. १९७६ साली व्हिएतनामच्या युद्धावरच्या 'अपोकॅलिप्स नाऊ' या अमेरिकन चित्रपटाचे काही चित्रण इथे झाले. त्यात शिपाई लाटांवर खेळतात असा प्रसंग आहे. चित्रपटवाले गेले, फळ्या मागे राहिल्या आणि गावची पोरे त्यावर शिकली, असे तिथे सांगतात. आज कित्येक घरांची चूल या खेळावर चालते. खोटे युद्ध गावाला असे पावले!

पण खरे युद्धही या गावाने पाहिले आहे. तीच गोष्ट आज सांगायची आहे.

फिलिपिन्सवर तीनशेहून अधिक वर्षे स्पेनचे राज्य होते. १८९८ साली लोक पुन्हा उठले. बालेरमध्ये पन्नासेक स्पॅनिश शिपाई होते. ते गावच्या चर्चमध्ये शिरले आणि दारे आतून बंद करून बसले. गावात दगडी इमारत तेवढी एकच. दिवस होता १ जुलै १८९८. बाहेर फिलिपिनो क्रांतिकारकांनी वेढा घातला.

आतल्यांनी चर्चच्या आवारात विहीर खणली, पाणी लागले. धान्य होते, पीठ होते, डबाबंद मासळी होती. नव्हते ते मीठ, आणि नव्हता ताजा भाजीपाला. दोन-तीन महिन्यांत माणसांचे पाय सुजू लागले, बळ जाऊ लागले, चालता येईना. हा बेरीबेरी नावाचा रोग. सप्टेंबरात पाद्री गेला, ऑक्टोबरात एक अधिकारी, नोव्हेंबरात कप्तान. त्या वेढ्यात गोळी लागून दगावले दोघे. आजाराने गेले चौदा-पंधरा.

माउल्यांनो, ही गोष्ट तुमच्या चुलीशी येऊन भिडते. अन्नातले 'ब-१' नावाचे जीवनसत्त्व कमी पडले की बेरीबेरी होतो. तांदळाच्या वरच्या कोंड्यात ते असते. गिरणीत तांदूळ पांढराशुभ्र करून आणला की कोंड्याबरोबर ते जाते. उरलेसुरले चार पाण्यांनी खळखळून धुतले की मोरीत जाते, आणि शिजवून पेज ओतून टाकली की आणखी जाते. आपली आजी हातसडीचा तांदूळ रांधायची, कोकणात उकडा तांदूळ खातात, त्यात ते बरेच टिकते. डाळी, कडधान्ये आणि शेंगदाणे यांतही ते असते. तेव्हा तांदूळ फार पांढरा नको, एकदोनदा धुतला तरी पुरे, पेज फेकू नका, आणि ताटात डाळ-उसळ हवीच. बंदुका असून त्या शिपायांना जे मिळाले नाही, ते आपल्या घरात कणगीला आणि परसात असते.

डिसेंबरात त्या शिपायांनी अचानक बाहेर मुसंडी मारली, चर्चजवळची घरे पेटवली आणि थोडी मोकळी जागा मिळवली. भोपळ्याचा पाला आणि संत्री आत आणली. दार उघडून हवा खेळती केली, भाजीपाला लावला. रोगाचा जोर ओसरला. तोफेने झाले नाही ते वाफ्याने केले.

आता पुढचे ऐका. ज्या डिसेंबरात हे चालले होते, त्याच महिन्यात, १० तारखेला, पॅरिसला तह झाला. स्पेनने दोन कोटी डॉलर घेऊन फिलिपिन्स अमेरिकेच्या हवाली केले. युद्ध संपले! ज्या राज्यासाठी हे लोक चर्चमध्ये झुरत होते, ते राज्यच उरले नव्हते.

त्यांना कोणी सांगितले नाही का? पुष्कळ सांगितले. चिठ्ठ्या पाठवल्या. समजूत घालायला दोन पाद्री पाठवले, तर ते आतच राहिले. वर्तमानपत्रे आणून ठेवली. खुद्द स्पॅनिश अधिकारी निरोप घेऊन आले. पण आता आतला कारभार लेफ्टनंट मार्टिन सेरेसो याच्या हाती होता. माणूस शूर, पण त्याने मनाशी धरले होते, की हे सारे शत्रूचे कपट आहे. वर्तमानपत्रही त्याला बनावट वाटे. इतकेच नव्हे, फितुरीच्या आरोपावरून बेड्या घालून ठेवलेल्या आपल्याच दोघा शिपायांना त्याने शेवटच्या दिवसांत गोळ्या घातल्या. आणि युद्ध तर साडेपाच महिन्यांपूर्वीच संपलेले!

शेवटी एका स्पॅनिश अधिकाऱ्याने टाकून गेलेल्या वर्तमानपत्राची पाने चाळताना त्याला एक लहानशी बातमी दिसली. त्याच्या एका मित्राची मालागा शहरी बदली झाली होती. मित्राचा हा बेत फक्त त्यालाच ठाऊक होता. शत्रू ही गोष्ट रचणार कुठून? म्हणजे कागद खरा, बातमी खरी, आणि युद्ध खरोखरच संपलेले. २ जून १८९९ रोजी पांढरे निशाण वर गेले. ३३७ दिवसांनी तेहतीस शिपाई आणि ते दोन पाद्री बाहेर आले.

बाहेर काय झाले असेल? घरे जाळणाऱ्यांना कोणी सोडले असते? पण फिलिपिनो लोकांचे अध्यक्ष एमिलिओ आगिनाल्दो यांनी ३० जून १८९९ रोजी हुकूम काढला, की हे कैदी नव्हेत, आपले मित्र आहेत. त्यांना मानाने घरी जाऊ द्या. ते सप्टेंबरात स्वदेशी पोचले. फिलिपिन्सने २००३ साली कायदा करून ३० जून हा स्पेनबरोबरचा मैत्रीदिन ठरवला.

बालेरला गेलात तर ते जुने चर्च दिसणार नाही. त्याच जागी नंतर बांधलेले उभे आहे. जवळच एर्मिता टेकडी आहे. १७३५ च्या डिसेंबरात समुद्र खवळून गावावर चालून आला, तेव्हा या टेकडीवर चढलेली काही कुटुंबे तेवढी वाचली. आणि थोड्या अंतरावर मारिया आउरोरा गावी वडाच्या जातीचे एक प्रचंड झाड आहे, सुमारे सहाशे वर्षांचे मानतात. त्याच्या पारंब्यांच्या जाळ्यातून माणूस आत शिरून जातो. स्पॅनिश आले नि गेले, लाटा आल्या नि गेल्या, झाड आहे तिथेच आहे.

वाचकहो, सेरेसोची गोष्ट वाचून हसू नका. आपल्या गावात असे किती सेरेसो आहेत! दोन वावांच्या बांधावरून भाऊ भावाशी बोलत नाही. ज्या म्हाताऱ्यांचे भांडण, ते दोघेही वर गेले, पण दावा चालूच आहे. पलीकडून कोणी हळदीकुंकवाचे बोलावणे पाठवले, तरी यात काय डाव आहे, असे आपण विचारतो. आतल्या आत मात्र आपलेच पाय सुजत असतात.

धीर हा मोठा गुण आहे, पण कोणत्या दिवशी दार उघडायचे हे कळणे त्याहून मोठे. आणि ज्याने दार उघडले, त्याला आगिनाल्दोसारखे पाणी विचारणारे लोक बाहेर हवेत. या पंचमीला बहीण येईल, दिवाळीला भाऊ. एखादे दार तुमच्याही घरी बंद असेल, तर तेवढे पाहा.

बरे तर, पुढच्या खेपेस आणखी एका गावी जाऊ.