कंदील आणि कॅण्डल

आपल्या बीड जिल्ह्यांतील कोणत्याही खेड्यांत 'कंदील' म्हटला कीं तो आजीपासून नातवापर्यंत साऱ्यांस कळतो. 'कॅण्डल' मात्र इंग्रजी क्रमिक पुस्तकांतून शिकावा लागतो. पहिला शब्द घरचा व दुसरा परका, अशी सर्वसाधारण समजूत असते. परंतु वंशावळ पाहतां हे दोघे चुलतभाऊ ठरतात.

लॅटिन भाषेंत 'कान्देरे' म्हणजे प्रकाशणें. त्यापासून 'कान्देला' म्हणजे मेणबत्ती. हा शब्द ख्रिस्ती उपासनेबरोबर इंग्लंडांत गेला व 'कॅण्डल' झाला. दुसऱ्या वाटेनें तो ग्रीकांकडून अरबांकडे जाऊन 'किंदील' झाला, आणि फारसीच्या संगतीनें दक्षिणेंत येऊन आपल्या ओसरीवर 'कंदील' म्हणून टांगला गेला. रोमांत अधिकारपद इच्छिणारा गृहस्थ शुभ्र वस्त्र परिधान करी. इंग्रजी 'कॅन्डिडेट' हा शब्द त्या शुभ्रतेवरूनच निघाला. इतकेंच नव्हे, तर आपला संस्कृत 'चंद्र' हाही याच कुळांतला, असें भाषाशास्त्रज्ञ मानतात.

हें सांगण्याचा हेतु केवळ मनोरंजनाचा नाहीं. १९४८ पर्यंत हा जिल्हा हैदराबाद संस्थानांत होता व तेथील राज्यकारभार उर्दूंत चाले. मराठी, दखनी आणि बंजारा बोलणारीं मुलें आजही आमच्या वर्गांत एका बाकावर बसतात. एखाद्याच्या तोंडून घरचा शब्द निघाला कीं शेजारी हंसतात, आणि पुढें तें मूल उत्तर देण्याचेंच सोडतें. उलटपक्षीं, कांहीं पालक इंग्रजीच्या हौसेनें घरचे शब्द घरींही बोलूं देत नाहींत.

आमचे मतें या दोन्ही गोष्टी सारख्याच घातक आहेत. जेथें आपला शब्द जिवंत आहे, तेथें विनाकारण परका शब्द घुसडूं नये, हें आम्हांसही मान्य आहे. परंतु ज्यानें पिढ्यान्‌पिढ्या घरांत उजेड दिला, त्या शब्दाकडे जन्माचा दाखला मागणें न्यायाचें नव्हे. देवघरांतील 'समई' हें नांवही अरबी 'शमअ', म्हणजे मेण, यावरून आलेलें आहे. म्हणून तिला देवघराबाहेर कोण काढील?

मोल्सवर्थसाहेबांच्या कोशाची दुसरी आवृत्ति १८५७ सालीं निघाली. तींत अनेक शब्दांपुढें त्यांचें मूळ थोडक्यांत दिलें आहे. सोबत्याचा शब्द विचित्र वाटला, तर विद्यार्थ्यांनीं हंसण्यापूर्वीं असा कोश उघडावा. आणि पालकांनीं मुलांस इंग्रजी शब्द विचारतांना त्याच पदार्थाचें घरचें नांवही विचारावें, एवढीच आमची विनंती आहे.