विश्लेषण : व्हर्च्युअल डिस्कवर एका दमात किती लिहिता येतं? आणि मध्येच तुकडे पडले तर?

नोव्हेंबर 2023 मध्ये ब्रॉडकॉमनं व्हीएमवेअर ही कंपनी विकत घेतली. पुढच्याच महिन्यात एकदाच पैसे भरून कायमचा परवाना घेण्याची सोय बंद झाली. तेव्हापासून अनेक कंपन्या आपली व्हर्च्युअल मशीन्स केव्हीएम, प्रॉक्समॉक्स अशा दुसऱ्या सॉफ्टवेअरवर हलवण्याच्या मागे आहेत. हलवणं वरवर सोपं वाटतं: डिस्कची फाइल उचला, नव्या जागी ठेवा, मशीन सुरू करा. पण ही जागा बदलताना एक गोष्ट सहसा कुणी विचारत नाही. ती म्हणजे, नव्या घरातली डिस्क एका वेळी किती मोठं लिखाण स्वीकारते? आणि त्याहून मोठं आलं तर काय करते?

प्रश्न तांत्रिक आहे, पण त्यावर कुणाच्या तरी खात्यातली नोंद शाबूत राहणं अवलंबून असू शकतं.

आधी थोडी पार्श्वभूमी

व्हर्च्युअल मशीन म्हणजे एका खऱ्या सर्व्हरच्या पोटात चालणारा, सॉफ्टवेअरनं उभा केलेला कॉम्प्युटर. त्याला वाटतं आपल्याकडे स्वतःची डिस्क आहे. प्रत्यक्षात ती बहुतेकदा खालच्या सर्व्हरवरची एक फाइल असते, नाहीतर नेटवर्कपलीकडच्या स्टोरेजचा एक हिस्सा. म्हणजे आतल्या प्रोग्रामनं 'लिही' म्हटलं की ते लिखाण आतली ऑपरेटिंग सिस्टीम, हायपरव्हायजर, खालच्या सर्व्हरचं कर्नल आणि मग खरी डिस्क अशा चार थरांतून जातं. प्रत्येक थराची एका खेपेची मर्यादा वेगळी.

घर बदलणाऱ्यांना हे लगेच कळेल. ट्रकमध्ये शंभर खोकी मावतात, लिफ्टमध्ये दहा. मग लिफ्टच्या दहा खेपा होतात. वेळ जातो, पण सामान पोहोचतं.

खेपांचा हिशोब

याचं गाजलेलं उदाहरण झेन या हायपरव्हायजरचं. त्यात आतलं मशीन आणि बाहेरची व्यवस्था यांच्यात निरोपांसाठी 4 केबीचं एकच पान राखलेलं होतं आणि त्यात 32 विनंत्या बसवायच्या होत्या. त्यामुळे एका विनंतीत डेटाचे जास्तीत जास्त 11 भाग मावायचे, प्रत्येक 4 केबीचा. झाले 44 केबी. म्हणजे 1 एमबी लिहायचं तर 24 खेपा. 2013 मध्ये लिनक्समध्ये यावर तोडगा आला: निरोपात भागांची यादी न लिहिता ती यादी कुठे ठेवली आहे त्याचा पत्ताच द्यायचा. पान तेवढंच राहिलं, विनंती मोठी झाली.

क्लाउडमध्ये हाच हिशोब बिलापर्यंत पोहोचतो. ॲमेझॉनच्या ईबीएस सेवेत एसएसडी डिस्कवर 256 केबीपर्यंतचं लिखाण एक व्यवहार म्हणून मोजलं जातं. 1 एमबीचं सलग लिखाण म्हणजे चार व्यवहार. जीपी3 प्रकारच्या डिस्कला मूळ किमतीत सेकंदाला 3,000 व्यवहार मिळतात, त्यापुढे पैसे.

मर्यादा चुकीची सांगितली तर?

इथपर्यंत फक्त वेळेचा आणि पैशाचा प्रश्न होता. खरी गडबड होते ती एका थरानं दुसऱ्याला मर्यादा नीट न सांगितल्यामुळे.

काही ठिकाणी वेगासाठी खरी डिस्क थेट व्हर्च्युअल मशीनच्या हाती दिली जाते. आतली सिस्टीम डिस्कला विचारते, 'एका वेळी किती घेशील?' डिस्क तिच्या कुवतीप्रमाणे प्रामाणिक उत्तर देते. पण मध्ये बसलेल्या सर्व्हरच्या कर्नलची आणि कार्डची मर्यादा त्याहून कमी असते, आणि त्याबद्दल डिस्कला काहीच ठाऊक नसतं. आतली सिस्टीम उत्तरावर विश्वास ठेवून मोठी विनंती पाठवते, मधला थर ती नाकारतो. आतल्या बाजूला दिसतं की डिस्कमध्ये बिघाड झाला! डिस्क ठणठणीत असते. यावर क्यूएमू या सॉफ्टवेअरनं काढलेला उपाय मला फार आवडतो: डिस्कचं उत्तर आत जाण्याआधी ते वाटेत गाठायचं आणि त्यातला मर्यादेचा आकडा सर्व्हरला झेपेल इतका कमी करून पुढे पाठवायचा.

दुसरी चूक प्रोग्राम लिहिणाऱ्यांची. लिनक्समध्ये एका 'राइट' हाकेला जास्तीत जास्त 2,147,479,552 बाइट लिहिले जातात, म्हणजे 2 जीबीला 4 केबी कमी. त्याहून जास्त दिलं तर एरर येत नाही. जेवढं लिहिलं तेवढा आकडा परत येतो, बस्स. तो आकडा न तपासता पुढे गेलेला प्रोग्राम समजतो की सगळं लिहून झालं, आणि उरलेला डेटा कुठेच नसतो.

तुकडे चालतच नसतील तर?

खोकी दहा खेपांत नेता येतात. काचेचा टेबल अर्धा आज, अर्धा उद्या नेता येत नाही.

डेटाबेसचं पान असा टेबल असतो. मायएसक्यूएलचं मुख्य इंजिन, इनोडीबी, 16 केबीची पानं लिहितं. पण डिस्क पारंपरिकपणे अखंडपणाची हमी देते ती तिच्या एका सेक्टरपुरती, म्हणजे 512 बाइट किंवा 4 केबी. समजा पान 4 केबीच्या चार तुकड्यांत गेलं आणि दोन लिहून झाल्यावर वीज गेली. आता पानाचा वरचा अर्धा भाग नवा, खालचा जुना. याला फाटलेलं पान म्हणतात, आणि ते नवं म्हणूनही वापरता येत नाही, जुनं म्हणूनही नाही.

म्हणून इनोडीबी ताक फुंकून पितं. प्रत्येक पान आधी एका राखीव जागेत लिहितं, मग खऱ्या जागी. पोस्टग्रेसक्यूएलची पद्धत वेगळी: चेकपॉइंटनंतर पानात पहिला बदल झाला की 8 केबीचं अख्खं पान लॉगमध्ये नोंदवायचं. दोन्ही सुरक्षित, दोन्ही महाग.

आता काय बदलतंय?

नोव्हेंबर 2022 मध्ये ॲमेझॉननं जाहीर केलं की त्यांच्या नायट्रो सर्व्हरवर 16 केबीपर्यंतचं लिखाण एकतर पूर्ण होईल, नाहीतर अजिबात होणार नाही. मायएसक्यूएलची दुहेरी नोंद बंद करून लिखाणाचा वेग दुपटीपर्यंत जाईल, असा कंपनीचा दावा होता. लिनक्सनंही सप्टेंबर 2024 च्या 6.11 आवृत्तीत ही सोय डिस्कपातळीवर आणली. जानेवारी 2025 च्या 6.13 मध्ये ती ईएक्सटी4 आणि एक्सएफएस या फाइल सिस्टीममध्ये एका ब्लॉकपुरती आली, आणि 6.16 मध्ये अनेक ब्लॉकपर्यंत वाढली.

यातला बदल फक्त वेगाचा नाही. आजवरचा शिरस्ता होता, मोठं आलं की गुपचूप तुकडे करा. नव्या पद्धतीत प्रोग्राम सांगतो, 'हे अखंड हवं', आणि जमत नसेल तर कर्नल तुकडे न करता सरळ नकार देतं. आधी विचारून घेता येतं की अखंड लिखाणाची मर्यादा किती. माझ्या मते हे खूप आधी व्हायला हवं होतं.

पण व्हर्च्युअल मशीनमध्ये हे वचन फक्त तळाच्या डिस्कनं पाळून भागत नाही. मधल्या एकाही थरानं 16 केबीचे दोन भाग केले की हमी संपली. ॲमेझॉनवर दुहेरी नोंद बंद ठेवून चालवलेला डेटाबेस उद्या स्वतःच्या सर्व्हरवर, एखाद्या साध्या डिस्क-फाइलवर आणून ठेवला, तर तो सुरू होईल, चालेलही. सेटिंग मात्र जुन्या घराचीच राहिलेली असेल, आणि ते कळेल पहिल्यांदा वीज जाईल तेव्हा. मायएसक्यूएलमध्ये दुहेरी नोंद आणि पोस्टग्रेसक्यूएलमध्ये पूर्ण पानाची नोंद हे दोन्ही पर्याय मुळात चालूच येतात. स्थलांतराच्या यादीत ते कुणी बंद केले होते का, एवढी एक ओळ वाढवायला हरकत नाही.