पाठीवरचा डिंक राहू द्या

नमुना नोट, म्हणजे चलनासाठी नव्हे तर दाखवण्यासाठी किंवा दप्तरासाठी काढलेली नोट, हाती आली की आधी तिची पाठ साफ करायची, ही सवय आपल्या छंदात खोल रुजली आहे. डिंकाचे डाग ओल्या कापसाने काढायचे, चिकटलेला जुना कागद सोलायचा, कडा सारख्या कापायच्या. चार जण नोट पाहतात, ‘काय कोरी आहे!’ म्हणतात. ही सवय सोडावी असे आम्ही या अंकात आग्रहाने मांडत आहोत. उदाहरणासाठी आयर्लंडच्या जुन्या बँका निवडल्या, कारण तिथल्या नमुना नोटांवर किती इतिहास अवलंबून आहे हे ठळकपणे दिसते.

बँक ऑफ आयर्लंड १७८३ची. डब्लिनभोवतीच्या ५० मैलांत तिचा दीर्घकाळ एकाधिकार होता. त्या परिघाबाहेर नॉर्दर्न, प्रोव्हिन्शियल, बेलफास्ट बँकिंग कंपनी, अल्स्टर या बँका १८२४ ते १८३६ या काळात उभ्या राहिल्या. डॅनियल ओ’कॉनेल यांची नॅशनल बँकही त्यांच्यातलीच. १८४५च्या कायद्याने या सहाच बँकांना नोटा काढण्याचा हक्क ठेवला आणि त्यालाही मर्यादा घातली. प्रत्येक नोट म्हणजे त्या बँकेचे देणे. नोट परत आली की देणे फिटले. मग ती रद्द करायची आणि नष्ट करायची. म्हणून एकोणिसाव्या शतकातल्या अनेक प्रकारांची चलनात फिरलेली नोट आज दिसतच नाही. उरले ते छापखान्यातले एकबाजू छापील पुरावे (प्रूफ) आणि बँकेच्या दप्तरातले नमुने. ते देणे म्हणून कधी बाहेर पडलेच नव्हते, म्हणून वाचले.

बँक ऑफ आयर्लंडच्या या जुन्या नोटांवर हायबर्निया, म्हणजे स्त्रीरूपातले आयर्लंड, बसलेली असते आणि शाखांच्या गावांची नावेही छापलेली असतात. शाखा वाढली की यादी बदले. अशा वेळी पुराव्याच्या कडेला पेन्सिलीने लिहिलेली तारीख किंवा दुरुस्तीची खूण मिळाली, तर ती नोटेच्या चित्राइतकीच मोलाची. कडा कापणारा माणूस नेमकी तीच खूण कापून टाकतो.

विसाव्या शतकात चित्र बदलले. १९२७च्या कायद्याने आयरिश फ्री स्टेटमध्ये, म्हणजे फाळणीनंतरच्या दक्षिण आयर्लंडमध्ये, नोटांचा कारभार पाहणारे करन्सी कमिशन आले. सप्टेंबर १९२८मध्ये वॉटरलो कंपनीने छापलेल्या, लेडी लॅव्हरी यांचे चित्र असलेल्या नव्या नोटा निघाल्या; आणि ६ मे १९२९ रोजी आठ बँकांच्या एकत्रित नोटा आल्या, ज्यांना संग्राहक ‘प्लाउमन’ म्हणतात. छपाई डी ला रूची. दर्शनी बाजूला दोन घोड्यांचा नांगर धरलेला शेतकरी, कमिशनचे अध्यक्ष जोसेफ ब्रेनन यांची सही, आणि खाली ज्या त्या बँकेचे नाव व तिच्या अधिकाऱ्याची सही. या आठांत हायबर्नियन, रॉयल आणि मन्स्टर अँड लेन्स्टर या, १८४५च्या सहांत नसलेल्या, तीन बँका होत्या. उलट बेलफास्ट बँकिंग कंपनी इथे नाही, कारण तिने फ्री स्टेटमधल्या आपल्या शाखा १९२३मध्येच रॉयल बँकेला विकल्या होत्या. सीमेपलीकडे उत्तर आयर्लंडमध्ये तिच्या नोटा चालूच राहिल्या. आयर्लंडची फाळणी नोटांच्या संग्रहात अशी उतरते, आणि आमच्या मते हाच या संग्रहाचा सर्वांत वाचनीय भाग आहे.

प्लाउमन नोटा १ पौंडापासून १०० पौंडांपर्यंत होत्या. १९५३ अखेरपर्यंत त्या परत मागवल्या गेल्या. त्या काळी ५० किंवा १०० पौंडांची नोट आठवण म्हणून घरात ठेवणे कोणाला परवडणार? त्यामुळे या मोठ्या नोटा पाहायच्या तर अनेकदा नमुन्यावरच भिस्त ठेवावी लागते.

मात्र नमुना, रंगचाचणी, छापखान्याचा पुरावा आणि रद्द केलेली चलनी नोट या चार वेगळ्या वस्तू आहेत. यादीत सगळ्यांना ‘स्पेसिमेन’ लिहून मोकळे होणे ही आपल्या विक्रेत्यांची आणि आपलीही ढिलाई आहे. अनुक्रमांक शून्यांचा आहे की खरा, सहीच्या जागी भोके पाडली आहेत का, शिक्का हाताने मारला की छापला, एकच बाजू छापली आहे का, रंग चलनातल्या नोटेचाच आहे का, हे लिहिले पाहिजे. वॉटरलोसारख्या छापखान्यांनी गिऱ्हाइकांना दाखवण्यासाठी मूळ नोटेपेक्षा निराळ्या रंगांत नमुने काढले आहेत. तो निराळा रंग पाहून ‘अज्ञात मालिका’ असा शोध लावण्याची घाई करू नये. साध्या नोटेवर नंतर शिक्का मारून नमुना बनवणारेही आहेत. घडी पडलेल्या नोटेवर शिक्क्याची शाई घडीच्या रेघेत उतरली असेल, तर नोट आधी वापरली गेली आणि शिक्का मागून आला, हे भिंगाखाली दिसते.

आणि आता पाठ. नमुने छापखान्याच्या किंवा बँकेच्या वहीत चिकटवलेले असत. पाठीवरचा डिंक, वहीच्या पानाचा तुकडा, पानावरचा आकडा, हे सगळे ती नोट कुठून आली याची साक्ष देतात. वह्या फोडून नोटा सुट्या विकल्या जातात, तेव्हा एवढाच दुवा उरतो. तो धुऊन टाकला की खरा नमुना आणि मागाहून बनवलेला नमुना यांतला एक मोठा फरक आपणच पुसतो. त्या बदल्यात मिळणारी चकाकी आम्हाला कवडीमोल वाटते.

आपल्याकडे बँक ऑफ बॉम्बेचा नोटा काढण्याचा हक्क १८६१च्या कायद्याने गेला. तिच्या नमुना नोटांबाबतही पाठ न धुण्याचा हाच नियम पाळावा लागेल.

यापुढे ‘नवी भर’ या सदरासाठी नमुना नोटेची माहिती पाठवताना दोन्ही बाजूंची छायाचित्रे पाठवा, कडा न कापता. पाठीवर काय आहे ते जसेच्या तसे लिहा आणि नोट कोणत्या लिलावातून किंवा संग्रहातून आली तेही नोंदवा. पाठीचे छायाचित्र नसलेली नोंद पुढील अंकापासून छापली जाणार नाही.