'पेशंट शॉकमध्ये गेलाय', हे कॉम्प्युटरला आधी कळेल का?

आयसीयूच्या दारातून डॉक्टर बाहेर येतात आणि सांगतात, 'पेशंट शॉकमध्ये गेलाय.' बाकावर बसलेल्या नातेवाइकांना वाटतं, पेशंटला कसला तरी मानसिक धक्का बसला असावा. प्रत्यक्षात प्रकरण त्याहून खूप गंभीर असतं. हा धोका काही तास आधीच ओळखू पाहणारी कॉम्प्युटर मॉडेल्स आता रुग्णालयांत आली आहेत. त्यांच्यावर किती विसंबायचं, हा प्रश्न थेट रुग्णाच्या जिवाशी जोडलेला आहे.

शॉक म्हणजे नेमकं काय?

शरीरातल्या पेशींना पुरेसं रक्त आणि ऑक्सिजन न मिळणं म्हणजे शॉक. त्याची कारणं चार प्रकारची. रक्त किंवा पाणी कमी होणं, हृदयाचं पंपिंग कमी पडणं, रक्तवाहिन्या सैल पडणं आणि रक्ताच्या वाटेत अडथळा येणं. गंभीर जंतुसंसर्गात, म्हणजे सेप्सिसमध्ये, मुख्यतः तिसरा प्रकार दिसतो.

२०१६ च्या आंतरराष्ट्रीय व्याख्येनुसार, पुरेसं सलाइन देऊनही सरासरी रक्तदाब किमान ६५ ठेवण्यासाठी औषध लागत असेल आणि रक्तातलं लॅक्टेट २ च्या वर असेल, तर तो सेप्टिक शॉक. अशा रुग्णांमध्ये मृत्यूचं प्रमाण ४० टक्क्यांहून जास्त असतं. म्हणूनच आधी मिळालेला प्रत्येक तास मोलाचा.

मॉडेल काय करतं?

डॉक्टरांकडे १९६७ पासून एक साधा हिशेब आहे, शॉक इंडेक्स. नाडीच्या ठोक्यांना वरच्या बीपीने भागायचं. निरोगी माणसात उत्तर साधारण ०.५ ते ०.७ येतं. नाडी १२० आणि वरचा बीपी १०० असेल, तर उत्तर १.२. म्हणजे काळजीचं कारण.

मॉडेल हेच काम मोठ्या प्रमाणावर करतं. नाडी, बीपी, श्वास, ताप, लघवीचं प्रमाण, रक्ताचे रिपोर्ट असे अनेक आकडे ते सतत वाचतं. जुन्या हजारो रुग्णांच्या नोंदींतून शिकलेल्या खुणा त्यात शोधतं आणि धोका वाढला की अलर्ट देतं.

मग निकाल काय सांगतात?

निकाल दोन टोकांचे आहेत. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्सच्या सेप्सिस अलर्ट यंत्रणेचा ५ रुग्णालयांतला अभ्यास २०२२ मध्ये 'नेचर मेडिसिन'मध्ये आला. अलर्ट आल्यापासून ३ तासांत डॉक्टरांनी तो तपासून खरा ठरवला, अशा रुग्णांमध्ये मृत्यूचं प्रमाण बाकीच्यांच्या तुलनेत १८.७ टक्क्यांनी कमी होतं. मात्र, यात रुग्णांचे गट चिठ्ठ्या टाकून पाडले नव्हते. त्यामुळे सगळं श्रेय यंत्रणेला देता येत नाही.

दुसरं टोक २०२१ चं. 'एपिक' कंपनीचं सेप्सिस मॉडेल अमेरिकेत शेकडो रुग्णालयांत वापरात होतं. मिशिगन विद्यापीठाच्या डॉक्टरांनी ते आपल्या रुग्णांवर तपासलं. सेप्सिसचे ६७ टक्के रुग्ण मॉडेलच्या नजरेतून सुटले होते. उलट दाखल झालेल्यांपैकी १८ टक्के रुग्णांसाठी त्याने अलर्ट दिले होते. सारखी घंटा वाजत राहिली की ती ऐकू येईनाशी होते. खरा धोका तिथे असतो.

आपल्याकडचा प्रश्न वेगळा का?

डेंग्यूचं उदाहरण घ्या. डेंग्यू शॉकमध्ये रक्तातलं पाणी रक्तवाहिन्यांबाहेर झिरपतं. सुरुवातीला वरचा बीपी टिकून राहतो आणि खालचा वर सरकतो. समजा, बीपी १००/८५ आहे. सरासरी काढली तर ९० येते, ६५ च्या बरीच वर. पण दोन आकड्यांतलं अंतर फक्त १५ आहे. डेंग्यूमध्ये हे अंतर २० किंवा त्याहून कमी होणं ही शॉकची खूण मानतात.

डेंग्यूचे रुग्ण जवळपास न पाहिलेल्या मॉडेलला हे कसं कळणार? संशोधनात खूप वापरला जाणारा आयसीयूच्या नोंदींचा एक संग्रह बोस्टनच्या एका रुग्णालयातला आहे. तिथे डेंग्यू, स्क्रब टायफस आणि सर्पदंशाचे रुग्ण किती असणार? शिवाय आपल्याकडे अनेक आयसीयूंत नोंदी आजही कागदावर होतात. मॉडेलला वाचायला आकडेच नसतात.

आशा वाटावी असं कामही इथे झालं आहे. दिल्लीच्या एम्समधील लहान मुलांच्या आयसीयूत थर्मल कॅमेऱ्याने पोट आणि पाय यांच्या तापमानातला फरक टिपून शॉकचा अंदाज बांधण्याचं संशोधन २०१९ मध्ये प्रसिद्ध झालं. शॉकमध्ये हातपाय गार पडतात, हे कोणताही अनुभवी डॉक्टर हात लावून ओळखतो. तीच खूण इथे मशीनला शिकवली गेली.

काय व्हायला हवं?

मॉडेल नको, असं म्हणणं चुकीचं ठरेल. रात्रपाळीत एका नर्सकडे अनेक बेड असतात, तेव्हा न थकणारी नजर उपयोगीच आहे. पण नवं औषध जसं चाचणीशिवाय वापरत नाहीत, तसंच मॉडेलही वापरू नये. आधी ते त्याच रुग्णालयाच्या रुग्णांवर काही महिने पडद्याआड चालवावं. किती रुग्ण सुटले, किती अलर्ट फुकट गेले, हे आकडे जाहीर करावेत. आयसीएमआरने २०२३ मध्ये आरोग्यातल्या एआयसाठी नैतिक मार्गदर्शक तत्त्वं दिली आहेत. ती खरेदीच्या अटींत उतरली पाहिजेत.

आणि अलर्ट आल्यावर धावून जाणारं माणूस तर हवंच. लाल दिवा लागला आणि बेडपाशी कुणी पोचलंच नाही, तर त्या दिव्याचा पेशंटला काय उपयोग?