उंचावरचा कॅमेरा

या आठवड्यात एका वाहिनीने परप्रांतीय मजुरांच्या नोंदणीची साधी बातमी दिली आणि पडद्यावर लावली ती वांद्रे स्थानकाबाहेरची जुनी गर्दी. कोपऱ्यात बारीक अक्षरांत ‘संग्रहित’. या सवयीवर मी इथे अनेकदा लिहिले आहे. ती सुटेपर्यंत लिहीत राहीन.

१४ एप्रिल २०२०. टाळेबंदी ३ मेपर्यंत वाढल्याचे सकाळी जाहीर झाले आणि हातातले पैसे संपलेले मजूर दुपारी स्थानकाबाहेर जमले. त्यांना गावी जायचे होते. पोलिसांनी लाठ्या चालवल्या. उंचावरून घेतलेल्या चित्रांत दिसली ती नुसती डोकी. संध्याकाळपर्यंत ती गर्दी साथ पसरवणारी ठरली, कुणीतरी भडकवलेली ठरली आणि शेजारी मशीद होती म्हणून एका धर्माचीही ठरली.

त्यानंतर २४ दिवसांनी, ८ मेच्या पहाटे, करमाडजवळ रुळांवर झोपलेल्या १६ मजुरांना मालगाडीने चिरडले. मध्य प्रदेशातले हे लोक जालन्याच्या पोलाद कारखान्यात राबत होते. भुसावळहून गाडी मिळेल या आशेने पायी निघाले होते. छापून आल्या त्या रुळांत विखुरलेल्या चपात्या. सारा महाराष्ट्र हळहळला.

ही दोन छायाचित्रे शेजारी ठेवून पाहा. मागणी एकच, घरी जायला गाडी. वांद्र्यात ती जिवंत माणसे करत होती, तेव्हा आपण त्यांना घाबरलो. करमाडला चित्रात माणूसच उरला नाही, तेव्हा आपल्याला दया आली. चेहरा दोन्हींत नाही.

ऑस्ट्रेलियात रोलंड ब्लायकर आणि सहकाऱ्यांनी दैनिकांच्या पहिल्या पानांवरची आश्रयार्थींची छायाचित्रे तपासली. २०१३मध्ये आलेल्या त्या अभ्यासात ६६ टक्के चित्रांत घोळके होते; चेहरा नीट ओळखू येईल असा एकटा माणूस केवळ २ टक्क्यांत. आपल्याकडे कुणी मोजले तर आकडा याहून बरा निघेल, असे मला वाटत नाही.

छायाचित्रकाराला मजुरांच्या नाक्यावर पाठवा, समोर उभे राहून, विचारून फोटो घेऊ द्या. तेही जमत नसेल, तर जुन्या चित्राखाली ठळक अक्षरांत लिहा: १४ एप्रिल २०२०, काम बंद, पैसे संपले, गावी जाण्यासाठी गाडीची मागणी. एवढ्याला एक ओळ पुरते.